जुन्या हायएसवर पाणी सोडायची तयारी आहे का?

प्रश्न : आम्ही मेलबर्नला टार्नीटमध्ये राहतो. नवरा ४६ वर्षांचा, मी ४३ची. मुलगा यंदा कॅनबेराला शिकायला गेला. पुढच्या एप्रिलअखेरीस सहा महिन्यांची सुट्टी काढून गाडीने अख्खा ऑस्ट्रेलिया फिरायचं आमच्या मनात आहे. नवऱ्याने १९९६ची टोयोटा हायएस कॅम्पर बघून ठेवली आहे. ती ३,९०,००० किलोमीटर पळाली आहे, मालक १३,५०० डॉलर मागतोय आणि ओळखीच्या मेकॅनिकने ५,८०० डॉलरचं काम सांगितलंय. ती कुठे तरी ओसाडीत बंद पडेल अशी मला धास्ती वाटते. म्हणून मी म्हणते, ४५,००० डॉलरचं कर्ज काढून चांगली व्हॅन घेऊ. मित्रमंडळी म्हणतात, दोन्ही नको, पैसे घराच्या कर्जात भरा. घराचं ४,१०,००० कर्ज बाकी आहे, व्याज ६ टक्के, मुदत वीस वर्षं. त्या कर्जाला जोडलेल्या ऑफसेट खात्यात ६२,००० आहेत, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही. दर महिन्याला त्याचे ६,६०० आणि माझे ४,७०० हातात येतात. त्याची नोकरी ११ वर्षं झाली, माझी ८. दारात २०१९ची क्लूगर आहे. सासूबाई ७८ वर्षांच्या, नाशिकला एकट्या असतात. काय करावं?

उत्तर : जा. पण कर्ज काढून व्हॅन घेऊ नका. जुनी हायएस घ्यायला माझी हरकत नाही, मात्र एका अटीवर. ती कुठे आणि किती खर्चाला सोडून द्यायची, हे मेलबर्नमध्ये असतानाच दोघांनी मिळून कागदावर लिहायचं.

आधी तुमच्या मित्रमंडळींचं म्हणणं पाहू. ऑफसेटमधून पैसे काढले की त्यावर ६ टक्के व्याज पडतं. माझ्या हिशेबाने तुमच्या सफरीला ऑफसेटमधले साधारण २९,००० डॉलर लागतील, म्हणजे वर्षाला १,७४० डॉलर जास्तीचं व्याज. हा खर्च खराच आहे आणि तो लपवू नये. पण दोघांच्या नोकऱ्या शाबूत आहेत, मुलगा मार्गी लागला आहे, गुडघे अजून साथ देताहेत. अशा घराने हा भार उचलायला काहीच हरकत नाही. निवृत्तीनंतर जाऊ म्हणणारी जोडपी माझ्याकडे नेहमी येतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा बेत पैशामुळे नाही, तब्येतीमुळे राहून जातो.

२९,००० कसे आले ते सांगतो. व्हिक्टोरियात साधारण दर ६० आठवड्यांच्या नोकरीमागे एक आठवडा लाँग सर्व्हिस लीव्ह (दीर्घ नोकरीची भरपगारी रजा) जमते आणि सात वर्षांनंतर ती घेता येते. त्याची साडेनऊ आठवडे जमली असेल, तुमची सात. ही रजा अर्ध्या पगारावर दुप्पट मुदतीसाठी मागता येते. कंपनीला सबळ कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही, पण विनंती लेखी आणि लवकर करा. त्याची १९ आठवडे अर्ध्या पगाराची, वर पाच आठवड्यांची ॲन्युअल लीव्ह, उरलेले दोन आठवडे बिनपगारी. तुमची १४ आठवडे अर्ध्या पगाराची, चार ॲन्युअल, आठ बिनपगारी. म्हणजे २६ आठवड्यांत दोघांचे मिळून ३४,००० च्या आसपास हातात येतील. पगार अर्धा झाला की करही कमी कापला जातो, तेव्हा थोडे जास्तच येतील.

खर्चाची बाजू अशी. घराचा हप्ता महिन्याला २,९४० च्या आसपास, सहा महिन्यांचे १७,६००. कौन्सिल रेट्स (घरपट्टी) आणि विमा धरून घरावर २०,००० तरी जाणारच. ऑस्ट्रेलियाला वळसा घालणारा हायवे १ साधारण १४,५०० किलोमीटरचा आहे, आडवाटा धरल्या तर तुमचे २२,००० होतील. शंभर किलोमीटरला १३ लिटर धरलं आणि दूरच्या रोडहाउसचे चढे भाव लक्षात घेऊन लिटरला सरासरी २ डॉलर १० सेंट लावले, तर पेट्रोलचे ६,०००. निम्म्या रात्री फुकटच्या कॅम्पिंग जागी आणि निम्म्या ४५ डॉलरच्या कॅरव्हॅन पार्कमध्ये काढल्या तर ४,१००. किराणा ५,२००, नॅशनल पार्कचे पास आणि सहली ३,०००, रस्त्यातली सर्व्हिसिंग २,०००, फोन आणि किरकोळ १,०००. पगार वजा जाता ७,३०० ची तूट येते. त्यात गाडीचे १३,५००, दुरुस्तीचे ५,८०० आणि रेगो (गाडीची नोंदणी), विमा, रोडसाइड असिस्टन्स मिळून २,२०० घाला. झाले साधारण २९,०००.

आता कर्जाची व्हॅन. साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी ४५,००० घेतले तर महिन्याला ९४५ चा हप्ता, आणि एकूण व्याज ११,७०० च्या घरात. पगार निम्म्यावर आलेला असताना हा हप्ता सुरू होईल आणि तुम्ही परत आल्यावरही साडेचार वर्षं मानेवर राहील. शिवाय तेवढ्या पैशात नवी कोरी कॅम्पर येत नाही. कुणी तरी वापरलेलीच येते, आणि तीही बंद पडू शकते. फरक असा की २०,००० च्या व्हॅनवर तुम्ही पाणी सोडू शकता. ४५,००० च्या नाही, कारण तिच्यावर बँकेचा बोजा असतो. भीती कमी करायला तुम्ही कर्ज सुचवताय, पण भीतीवर उतारा वेगळा आहे आणि तो बराच स्वस्त पडतो.

जुनी गाडी एवढी महाग का पडते, ते एकदा समजून घ्या. वायव्य ऑस्ट्रेलियात फिट्झरॉय क्रॉसिंग आणि हॉल्स क्रीक या गावांमध्ये जवळजवळ २९० किलोमीटरचा मोकळा रस्ता आहे. तिथे रेडिएटरचा पन्नास डॉलरचा होज फुटला समजा. या पिढीच्या हायएसमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली असतं, सीट उचलल्याशिवाय दिसतही नाही. कूलंट गळतंय हे काट्याकडे लक्ष जाईपर्यंत कळत नाही, आणि तेवढ्या पाच-दहा मिनिटांत हेड तापून वाकतं, गॅस्केट जातं. मग टोइंग, पर्थ किंवा डार्विनहून येणारे पार्ट, आणि पार्टची वाट बघत मोटेलच्या खोलीत काढलेल्या रात्री. खोलीचे १८० डॉलर धरले तरी आठवड्याला १,२६० नुसते बसून गेले. पन्नासच्या होजचं बिल पाच-सहा हजारांवर जातं ते असं.

म्हणून मेकॅनिकच्या ५,८०० मध्ये एक डॉलरही कमी करू नका. रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, सगळे होज आणि बेल्ट एकदमच बदलून घ्या, चांगले दिसत असले तरी. कूलंटची पातळी आणि तापमान यांवर वाजणारा अलार्म दोनेकशे डॉलरमध्ये बसतो, तो बसवाच.

घेण्याआधी ओळखीच्या नाही, तर तुमच्याशी काही संबंध नसलेल्या मेकॅनिककडून तपासणी करून घ्या. आरएसीव्ही हा व्हिक्टोरियाचा मोटार क्लबसुद्धा अशी तपासणी करून देते. कॉम्प्रेशन टेस्ट हवी, आणि कूलंटमध्ये एक्झॉस्टचा वायू येतोय का याची चाचणी हवी. तुम्ही स्वतः तेलाचं झाकण उघडून बघा. आतल्या बाजूला दुधाळ साय दिसली तर तिथूनच घरी या. विकणारा रोडवर्दी सर्टिफिकेट पुढे करेल, त्यावर भिस्त ठेवू नका. ते ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे, गंज असल्या सुरक्षेच्या गोष्टी बघतं. इंजिन दक्षिणेकडचं नलरबोरचं ओसाड मैदान ओलांडेल की नाही, हे ते सांगत नाही. डीलरकडून घेतली तरी इतक्या जुन्या आणि इतक्या पळालेल्या गाडीला कायद्याची वॉरंटी मिळत नाही. पीपीएसआर या सरकारी नोंदवहीत दोन डॉलरमध्ये कळतं की गाडीवर आधीच्या मालकाचं कर्ज आहे का. असेल तर गाडी घेऊ नका, कारण ते कर्ज वसूल करायला गाडी तुमच्या दारातून उचलून नेली जाऊ शकते. आणि तपासणीचा अहवाल हातात आला की भाव करा. ११,००० च्या वर मी जाणार नाही.

आता ज्या कागदाबद्दल सुरुवातीला म्हटलं, तो. त्यावर दोन आकडे आणि दोन गावं लिहा. रस्त्यात एका वेळच्या दुरुस्तीचा खर्च ४,००० च्या वर गेला तर गाडी दुरुस्त करायची नाही, मिळेल त्या भावाला भंगारात द्यायची. आणि सगळ्या दुरुस्त्या मिळून ७,००० झाले तरी तेच. आत्ता हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात दुरुस्तीवर पैसे ओतून झालेले असतात, गाडीत सहा आठवडे झोपलेले असता, नवऱ्याने तिला नावही ठेवलेलं असतं, आणि मेकॅनिक म्हणतो अजून फक्त दीड हजार. त्या वेळी आकडा आधी लिहिलेला नसेल तर दोघांत भांडण होतं आणि पैसेही जातात.

दोन गावं म्हणजे टाउन्सव्हिल आणि पर्थ. तुम्ही दिशा ठरवली नसेल तर घड्याळाच्या उलट जा. कॅनबेराला मुलाकडे, मग सिडनी, ब्रिस्बेन, केर्न्स. पहिल्या पाचेक हजार किलोमीटरमध्ये प्रत्येक गावात गॅरेज आहे. गाडीत खोट असेल तर ती इथे, मदतीच्या टप्प्यात बाहेर पडेल. केर्न्सहून मागे टाउन्सव्हिलला येऊन पूर्ण तपासणी करा. पुढे माउंट आयझापर्यंत ९०० किलोमीटर आणि तिथून डार्विनपर्यंत मोकळं रान आहे. टाउन्सव्हिलच्या मेकॅनिकने मान हलवली तर तिथेच विका आणि विमानाने परत या. सव्वा महिना-दीड महिना फिरलात, तोही कमी नाही. दुसरी तपासणी पर्थला, नलरबोरआधी. नॉर्समन ते सेडूना १,२०० किलोमीटर आहे. या दिशेने गेलात तर उत्तरेत तुम्ही जुलै-ऑगस्टमध्ये, कोरड्या हंगामात असाल. नोव्हेंबरनंतर तिकडे पाऊस आणि चक्रीवादळं सुरू होतात, २०२३च्या जानेवारीत पुराने फिट्झरॉय क्रॉसिंगचा पूलच नेला होता.

गिब रिव्हर रोडचा मोह नवऱ्याला होईल. ६६० किलोमीटरचा, बहुतांश कच्चा. हायएस तिकडे न्यायची नाही. कच्च्या रस्त्याबाबत विमा आणि टोइंगच्या अटी वाचल्यात तर कारण कळेल. बंगल बंगलचे डोंगर बघायचे असतील तर कुनुनुराहून विमानाची सफर घ्या, त्यासाठी ३,००० मध्ये जागा ठेवली आहे.

२९,००० गेल्यावर ऑफसेटमध्ये ३३,००० उरतात. त्यांना हात लावायचा नाही, आणि त्यांचे तीन वाटे करायचे. ९,००० गाडी सोडावी लागली तर : टोइंग, भाड्याची गाडी, विमानाचं तिकीट. १६,००० परत आल्यावरच्या तीन महिन्यांच्या घरखर्चाचे. आणि ८,००० नाशिकचे.

हे शेवटचे ८,००० मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. तुम्ही पत्रात सासूबाईंचा उल्लेख शेवटी, ओझरता केलात, पण निर्णय अडलाय तो बहुधा तिथेच. फोन आला तेव्हा तुम्ही ब्रूमला असाल, तर आधी पर्थ किंवा डार्विन गाठायचं, मग सिंगापूरमार्गे मुंबई, मग नाशिक. ऐन वेळची दोन तिकिटं महाग पडतात. हे पैसे बाजूला असले तर फोन आल्यावर फक्त निघायचं असतं. दोघांचे पासपोर्ट, आणि ऑस्ट्रेलियन नागरिक असाल तर ओसीआय कार्डं, गाडीत हाताशी ठेवा. नाशिकला जवळचं कोण राहतं, डॉक्टरांचा फोन कुणाकडे आहे, हे निघण्याआधी ठरलेलं असू द्या. आणि व्हॅन कुठेही सोडून जायची मुभा स्वतःला आधीच द्या. स्वस्त गाडी घेण्याचा हाच तर फायदा आहे.

काही छोट्या गोष्टी. मेडिकेअर ही सरकारी आरोग्य योजना ॲम्ब्युलन्सचा खर्च देत नाही. ॲम्ब्युलन्स व्हिक्टोरियाचं कुटुंबाचं सभासदत्व वर्षाला शंभर-सव्वाशे डॉलरच्या आसपास आहे आणि तातडीच्या वेळी इतर राज्यांतही चालतं. रोडसाइड असिस्टन्स सगळ्यात वरच्या पातळीचा घ्या, आणि लांबचं टोइंग किती किलोमीटरपर्यंत मिळतं ते वाचून मगच पैसे भरा. घर बंद राहणार असेल तर होम इन्शुरन्सवाल्यांना कळवा, बऱ्याच पॉलिसींमध्ये घर दोनेक महिन्यांपेक्षा जास्त रिकामं राहिलं तर संरक्षण कमी होतं. एखादं ओळखीचं कुटुंब भाड्याने राहायला आलं तर उत्तम, भाड्यावर कर लागेल एवढं लक्षात ठेवा. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर फळं, भाज्या, मध काढून घेतात, तेव्हा सीमेआधी कांदे-बटाटे भरून ठेवू नका.

राहिली क्लूगर. नुसत्या आकड्यांवर ठरवायचं तर तंबू आणि अधूनमधून केबिन घेऊन क्लूगरने जाणं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सुरक्षित आहे. हायएस तपासणीत नापास झाली तर दुसरी जुनी व्हॅन शोधत बसू नका, क्लूगर काढा. पण ती पास झाली तर व्हॅनच घ्या. तिच्यासाठी लागणारे जास्तीचे पैसे तुमच्याकडे आहेत, आणि नवऱ्याची ही हौस तुमच्या घराला परवडणारी आहे. क्लूगर मात्र विकू नका.

आता कामाला लागा. या महिन्यात दोघांनी रजेचे अर्ज द्या. व्हॅन घेतली तर फेब्रुवारीत, ऐन उन्हाळ्यात, मिल्ड्युरामार्गे ब्रोकन हिलला जाऊन या. जाऊन-येऊन साधारण १,७०० किलोमीटर होतात. वाऱ्याच्या विरुद्ध, ४० अंशांत, सामान भरून चालवा आणि दर तासाला तापमानाचा काटा कुठे आहे ते लिहून ठेवा. परत आल्यावर ती नोंद, पेट्रोलचा खरा खर्च आणि मेकॅनिकचं बिल मला पाठवा. १३ लिटरचा माझा अंदाज चुकत असेल तर ६,००० चा आकडा आपण एप्रिलच्या आत बदलू.