रविवारच्या नाश्त्याला मुलांसाठी मैदा-साखरेशिवाय फळांचे वॉफल कुरकुरीत कसे करायचे?

पूर्ण पिकलेलं, सालीवर काळे ठिपके आलेलं १ केळं कुस्करून घ्या. साखर लागतच नाही. त्यात १ कप कणीक, २ चमचे बारीक रवा, १ अंडं, पाऊण कप दूध आणि २ मोठे चमचे पातळ तूप. तुपात हात आखडू नका, कुरकुरीतपणा त्यानेच येतो. फार घोटू नका. १० मिनिटांनी रवा फुगला की १ छोटा चमचा बेकिंग पावडर.

मशीन कडक तापवा. कडेची वाफ जवळजवळ थांबेपर्यंत झाकण उघडायचं नाही, नाहीतर वॉफल मधोमध फाटतो. झालेले जाळीवर ठेवा. ताटात रचले की घाम सुटून मऊ पडतात. आंबा, चिकू वरूनच घाला, पिठात नको. पहिला बहुधा बिघडतोच, तो आपण खायचा!