विझलेल्या चुलीभोवती फरशी

प्रश्न : औसा तालुक्यात आमचे माळवदाचे जुने घर आहे. दगड-मातीच्या भिंतीत बांधलेली चूल आणि तिचे माळवदावर निघणारे धुराडे अजून शाबूत आहे; मात्र स्वयंपाक गॅसवर होऊ लागल्यापासून चूल बंद आहे. ती पाडायची नाही, असे आईने बजावले आहे. भोवतीच्या काळ्या भिंतीवर व्हिट्रिफाइड टाइल लावून धुराडे वरून सिमेंटने बुजवावे, असे मिस्त्री सुचवतात. येळवशीची (वेळ अमावास्येला करतात ती मिश्र भाज्यांची) भज्जी तेवढी चुलीवर शिजावी, एवढीच आईची अट आहे. काय करावे?
— एक वाचक, जि. लातूर

उत्तर : आधी आईंच्या अटीचा निकाल लावावा, कारण वर्षातून एकदा पेटणारी चूल ही बंद चूल नव्हे. धुराडे बुजवून चूल पेटवल्यास धूर आणि त्याच्यासोबत कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू घरातच कोंडेल. भज्जीसाठी अंगणात तीन दगड मांडावेत, असे आमचे मत आहे; आईंनाही ते बहुधा पटेल.

चूल कायमची बंद ठेवायची ठरली, तरी धुराडे गच्च बुजवू नये. वर्षानुवर्षांच्या काजळीतील क्षार पावसाळ्यात ओल धरतात आणि हवा खेळती नसेल, तर तीच ओल तपकिरी डागांच्या रूपाने गिलाव्यातून बाहेर येते. धुराड्याच्या तोंडाशी चार विटांचे तुकडे ठेवून त्यांवर शहाबादी फरशीचा तुकडा टाकावा, म्हणजे पाऊस अडेल आणि वारा वाहता राहील. खाली चुलीच्या तोंडाशीही वीतभर जाळीचा झरोका ठेवावा.

आता भिंतीकडे वळू. काजळीवर कोणताही मसाला धरत नाही. भिंतीवर ओले बोट फिरवून पाहा. ते काळे झाले, तर तेवढा गिलावा खरवडून काढावा लागेल. मात्र हे काम करणी आणि छिन्नीनेच, हलक्या हाताने करून घ्यावे. आपल्याकडच्या जुन्या भिंती म्हणजे पुष्कळदा आत-बाहेर दगडांचे दोन थर आणि मध्ये माती-गोट्यांची भर. ब्रेकरच्या हादऱ्याने त्या आतून सुटतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशा भिंतींचे काय झाले, ते औसा तालुक्याला सांगायला नको.

सांध्यांतील माती अर्धा इंच खोल काढून, कोंबडी जाळी ठोकून, सिमेंट-वाळूचा एकास चार प्रमाणाचा गिलावा करावा आणि तो सात दिवस पाणी शिंपडून ओलसर ठेवावा; पाइपने पाणी मारल्यास आतली माती भिजेल. हा गिलावा आणि फरशी अडीच फुटांपर्यंतच ठेवून वर चुन्याचा हात द्यावा, कारण मातीच्या भिंतीला सुकायला वाव लागतो.

व्हिट्रिफाइड टाइल जेमतेम अर्धा टक्का पाणी शोषते, म्हणून ती नुसत्या सिमेंटच्या रबडीवर टिकत नाही. तिला पॉलिमरयुक्त चिकटवण लागते. आम्ही मात्र कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातून येणारी, मागून खडबडीत असलेली शहाबादीच निवडू. ती सिमेंटच्या मसाल्याला धरते आणि जुन्या घरात उपरी दिसत नाही. बसवून वाळल्यावर प्रत्येक फरशीवर रुपयाचे नाणे वाजवून पाहावे आणि जिथे पोकळ आवाज येईल, ती फरशी मिस्त्रींचा हिशेब चुकता करण्यापूर्वी काढून पुन्हा बसवून घ्यावी.