न उतरणाऱ्या विमानाची वाट

प्रश्न : मागच्या महिन्यात नागपूरहून मुंबईला जाताना आमचे विमान धावपट्टीजवळ येऊन पुन्हा वर चढले. मुंबईच्या धावपट्ट्या एकमेकींना छेदतात असे नंतर समजले. अशा ठिकाणी दोन दिशांनी येणारी विमाने नियंत्रक कशी सांभाळतात?
– एक वाचक, सोनेगाव

उत्तर : आपल्या सोनेगावला १४/३२ या एकाच धावपट्टीवरून वाहतूक चालते (१४ म्हणजे चुंबकीय उत्तरेपासून सुमारे १४० अंश), त्यामुळे तिथे हा पेच पडत नाही. मुंबईच्या दुय्यम धावपट्टीचे आकडेही १४/३२ हेच आहेत, पण ती ०९/२७ या मुख्य धावपट्टीला प्रत्यक्ष छेदते, म्हणून तिथे सहसा एका वेळी एकच धावपट्टी वापरतात.

अवघड प्रकार वेगळाच आहे. काही विमानतळांवर धावपट्ट्या जमिनीवर भेटत नाहीत, मात्र त्यांच्या रेषा पुढे वाढवल्या तर त्या छेदतात. दोन्ही विमाने उतरली तर चिंता नसते. एखाद्याने आपल्या विमानाप्रमाणे ‘गो-अराउंड’ केला, म्हणजे न उतरता ते पुन्हा वर चढले, की ते त्या छेदबिंदूकडे झेपावते, आणि तेवढ्यात दुसऱ्या धावपट्टीवरून कोणी उड्डाण केले असेल किंवा तिथेही गो-अराउंड झाला असेल, तर दोघांची गाठ हवेत पडू शकते. १४० नॉट, म्हणजे ताशी सुमारे २६० किलोमीटर वेगाने विमान मिनिटाला ४ किलोमीटरहून अधिक अंतर कापते, हे लक्षात घेतले म्हणजे नियंत्रकाच्या हाती किती थोडा वेळ असतो ते उमगते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१३ मध्ये नेमक्या याच धोक्यावर बोट ठेवले होते.

यावरचा मला सर्वांत चोख वाटणारा उपाय रडारच्या पडद्यावर दिसतो. एका मार्गावरचे विमान छेदबिंदूपासून जितके दूर, तितक्याच अंतरावर दुसऱ्या मार्गावर संगणक त्याची छायाप्रतिमा उमटवतो. नियंत्रक खऱ्या विमानाला त्या छायेच्या मागे किंवा पुढे ठरलेले अंतर राखून आणतो, म्हणजे दोन रांगांची जणू एकच रांग होते आणि विमाने छेदबिंदूपाशी आळीपाळीने येतात.

दोन्हीकडे उपकरणांच्या साहाय्याने एकाच वेळी उतरवायचे असल्यास अमेरिकी नियम आणखी कडक आहेत : न उतरण्याचा निर्णय ज्या बिंदूंवर घ्यायचा, त्यांत किमान ३ सागरी मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर अंतर हवे, आणि तेथून वर चढण्याच्या वाटांची राखीव हवाई क्षेत्रे एकमेकांत शिरता कामा नयेत. ढग फार खाली आले, की ही पद्धत थांबवून एकाच धावपट्टीवर विमाने घेतात. मग उशीर झाला तरी चालतो.