जुन्या पत्त्यांवर येणारी माणसं

प्रश्न : ताई, आम्ही सात जण मिळून एक ओपन सोर्स प्रोग्रॅम सांभाळतो. स्कॅन केलेली पानं सरळ करायची, कडेचे काळे पट्टे काढायचे आणि सगळ्याची एक पीडीएफ करून द्यायची, एवढंच त्याचं काम. प्रकल्प नऊ वर्षांचा झाला, वेबसाइटही तेवढीच जुनी. कोणी कधी कुठलं पान वाढवलं याचा हिशेब राहिलेला नाही. आता एका डिझायनर मैत्रिणीने स्वतःहून नवं होमपेज करून दिलंय आणि ते खरोखर देखणं आहे. पण गटात तीन आठवडे निळा की हिरवा यावरच चर्चा चालली आहे. आमचे सर्वांत जुने सहकारी तर म्हणतात, वेबसाइटला हातच लावू नका. सुरुवात कुठून करू?
— एक मेंटेनर

उत्तर : त्या जुन्या सहकाऱ्यांपासून करा. त्यांना निवांत वेळी फोन लावा आणि विचारा, नेमकं काय मोडेल असं तुम्हाला वाटतं? ‘हातच लावू नका’ म्हणणाऱ्या माणसाच्या डोक्यात बहुतेक वेळा एखादं ठरावीक पान असतं. ते पान कोणतं, हे तुम्हाला कळायला हवं.

माझ्या बाबतीत ते मला फार उशिरा कळलं. ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या नोंदी एका साच्यातून दुसऱ्या साच्यात नेणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमची वेबसाइट मी अकरा वर्षं सांभाळली. जुन्या नोंदींतली अक्षरं मार्क-८ या ग्रंथालयांच्या जुन्या संकेतपद्धतीने साठवलेली असायची, नव्या नोंदींतली आज सगळीकडे चालणाऱ्या यूटीएफ-८ मध्ये. फाइल कुठल्या पद्धतीची आहे हे प्रोग्रॅमला ओळखता आलं नाही, की तो थांबायचा आणि पडद्यावर दोन ओळी दाखवायचा. पहिल्या ओळीत चूक काय झाली ते, दुसरीत आमच्या वेबसाइटवरच्या एका पानाचा पत्ता. त्या पानावर उपाय लिहिलेला होता.

आम्ही वेबसाइट नवी केली तेव्हा डॉक्युमेंटेशनची सगळी मांडणी बदलली. जुने पत्ते सरसकट होमपेजकडे वळवले आणि काम झालं असं समजलो. चार महिन्यांनी एका ग्रंथपालांचं पत्र आलं. त्यांनी लिहिलं होतं, ‘प्रोग्रॅम मला या पत्त्यावर जायला सांगतो. तिथे गेलं की एक सुंदर चित्र दिसतं. माझ्या चौदा हजार नोंदी अडकल्या आहेत.’ ते पत्र मी अजून जपून ठेवलं आहे.

पुढच्या आवृत्तीत आम्ही तो पत्ता दुरुस्त केला, पण जुनी आवृत्ती ज्यांच्याकडे होती त्यांचं काय? डेबियनसारख्या लिनक्स वितरणात एखादी आवृत्ती एकदा गेली, की तीन वर्षं नेहमीची आणि पुढे दोन वर्षं एलटीएसची, म्हणजे दीर्घकालीन देखभाल धरून पाच वर्षं ती लोकांच्या संगणकांवर नांदते. तितकी वर्षं तो संदेश त्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहणार. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच कळकळीने लिहिलं होतं, की चांगले पत्ते बदलत नसतात. सॉफ्टवेअरच्या वेबसाइटला हे दुपटीने लागू पडतं, कारण तिचे पत्ते सॉफ्टवेअरच्याच पोटात असतात.

तेव्हा डिझाइनची फाइल उघडण्याआधी एक साधी तक्ता-फाइल उघडा. तिच्यात दोनच रकाने करा, जुना पत्ता आणि नवा पत्ता. जुने पत्ते गोळा करायच्या जागा मी सांगते. सर्व्हरचे वर्षभराचे लॉग, म्हणजे कोणी कुठलं पान मागितलं याच्या नोंदी, असतील तर त्या. तुमच्या स्वतःच्या कोडमध्ये तुमच्याच डोमेनचं नाव शोधा. एरर संदेश, मदतीचा मजकूर, मॅन पेज आणि रीडमी या प्रोग्रॅमसोबतच्या माहितीच्या फाइली, सगळीकडे सापडेल. दुसरे प्रकल्प तुमचा प्रोग्रॅम वापरत असतील तर त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्येही पाहा. मग प्रत्येक जुन्या पत्त्याला त्याच विषयाचं नवं पान द्या आणि ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे ‘हे पान कायमचं तिकडे गेलं’ असं सांगून आपोआप वळवणारी सूचना, लावा. एखादं पान खरोखरच काढून टाकलं असेल आणि त्याच्या जोडीचं नवं पान नसेल, तर ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ हा संदेश, येऊ द्या आणि तिथे शोधायची सोय ठेवा. सगळ्यांना होमपेजवर नेऊन सोडणं मला ४०४ पेक्षाही वाईट वाटतं. ४०४ निदान खरं सांगतो. होमपेजवर येऊन पडलेला माणूस आपलंच काहीतरी चुकलं असेल म्हणून दहा मिनिटं तिथेच हुडकत बसतो.

आणखी एक गोष्ट अगदी अनुभवी माणसांच्याही नजरेतून सुटते. पत्त्यात हॅशच्या खुणेनंतर जो भाग येतो, म्हणजे पानातल्या एखाद्या मथळ्याकडे थेट नेणारा भाग, तो ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. त्यामुळे तो भाग पाहून सर्व्हरवर रीडायरेक्ट लावता येत नाही. मथळ्याचे शब्द बदलले तरी त्याचा जुना आयडी, म्हणजे हॅशनंतर येणारं त्याचं नाव, तसाच ठेवा. इतरांनी चर्चामंचांवर दिलेल्या उत्तरांमधल्या कितीतरी लिंक अशा मथळ्यांवरच टेकलेल्या असतात.

ही फाइल तयार झाली की एक छोटी स्क्रिप्ट लिहा आणि प्रत्येक बदलाबरोबर ती आपोआप चालू द्या. प्रत्येक जुना पत्ता शेवटी चालत्या पानावर पोचतो का, एवढंच तिने तपासायचं. तुमच्या जुन्या सहकाऱ्यांना हेच काम सोपवून पाहा. माझा अंदाज आहे की त्यांचा विरोध तिथेच निम्मा होईल.

आता होमपेज. तुमच्या मैत्रिणीचं काम देखणं आहे हे वाचून बरं वाटलं. ओपन सोर्सला चांगले डिझायनर फार कमी लाभतात. पण ते स्वीकारण्याआधी तुमचा प्रोग्रॅम कधीच न पाहिलेल्या तीन-चार जणांना एकेक करून शेजारी बसवा. त्यांना सांगा, हा प्रोग्रॅम तुमच्या संगणकावर घ्या आणि एक पान सरळ करून दाखवा. पुढे तुम्ही काही बोलायचं नाही. हे फार अवघड जातं. पहिल्या वेळी मी हात मांडीखाली दाबून बसले होते.

माझ्या शेजारी ज्या बाई बसल्या होत्या त्यांचं सगळं आयुष्य सूची करण्यात गेलेलं, संगणकही सराईत हाताने वापरायच्या. आमच्या डाउनलोड पानावर नऊ फाइली होत्या. त्यांनी यादी वरून खाली वाचली, परत वर गेल्या, पुन्हा खाली आल्या. शेवटी विंडोजसाठीच्या फाइलीवर माउस नेला आणि काढून घेतला. फाइलीच्या नावात ‘एएमडी६४’ होतं. त्या म्हणाल्या, “माझा संगणक इंटेलचा आहे, म्हणजे ही माझी नाही.” ६४ बिटची ती रचना एएमडीने आणली म्हणून ते नाव रूढ झालं आणि इंटेलच्या संगणकावरही तीच फाइल चालते, हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलं होतं की ते नाव कोणाला अडवेल हे मनातही आलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही वर एकच मोठं बटण केलं, ‘विंडोजसाठी’, खाली आवृत्ती आणि फाइलीचा आकार. बाकीच्या आठ फाइली त्याच्या खाली गेल्या. पूर्ण नव्या डिझाइनने जे साधलं नसतं, ते त्या एका बटणाने साधलं.

रंगाच्या वादाबद्दल. १९९९ मध्ये फ्रीबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या मंडळींतल्या पोल-हेनिंग कॅम्प यांनी अशाच चर्चांना वैतागून सायकलच्या शेडचं उदाहरण दिलं होतं. अणुभट्टीच्या आराखड्यावर कोणी बोलत नाही, शेडला रंग कोणता द्यायचा यावर मात्र प्रत्येकाचं मत असतं. तुमच्या गटातली माणसं वाईट नाहीत. रंग दिसतो, म्हणून त्यावर बोलता येतं. यावर उपाय म्हणजे दोन जणांना अधिकार देऊन टाका. त्यातली एक तुमची डिझायनर मैत्रीण असावी. बाकीच्यांनी मत एकदाच, ठरलेल्या दिवसापर्यंत लिहायचं.

एक बाब मात्र मतावर सोडू नका, ती म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेडाचा फरक. वेबसाइट सर्वांना वापरता यावी यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांच्या एए या मधल्या पातळीसाठी साध्या मजकुराला तो किमान ४.५ ला १ लागतो, मोठ्या अक्षरांना ३ ला १. नव्या डिझाइनमध्ये फिकट करडी अक्षरं हमखास असतात. ज्याच्या रंगसंकेतातले सहाही आकडे नऊ आहेत तो करडा पांढऱ्यावर जेमतेम २.८५ भरतो. ७६७६७६ हा करडा घेतला तर ४.५४, म्हणजे कसाबसा पास. ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांच्यासाठी हा फरक पान वाचता येणं आणि न येणं यातला आहे. तुमच्या मैत्रिणीला हे आधीच सांगितलंत तर ती त्याच हद्दीत छान काम करेल. शेवटी सांगितलंत तर तिचं मन दुखेल.

मन दुखण्यावरून आठवलं. डिसेंबर २०१८ मध्ये रस्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची वेबसाइट नवी झाली. आधीच्या होमपेजवर भाषेतल्या कोडचा एक छोटा नमुना असायचा, तो गेला. स्वयंसेवकांनी केलेली भाषांतरंही नव्या साइटवर सुरुवातीला नव्हती, ती नंतर आली. बरीच नाराजी झाली, आणि मला ती रास्त वाटते. कोणीतरी रात्री जागून आपल्या भाषेत आणलेलं पान एका सकाळी दिसेनासं होतं, तेव्हा त्या माणसाला वाटतं की आपल्याला कोणी विचारलंही नाही. तुमच्याकडे भाषांतरं असतील तर भाषांतरकारांना आधी कळवा, आणि त्यांचं काम नव्या साच्यात आल्याशिवाय साइट बदलू नका.

शेवटचं काम साइट उघडण्याचं. नवी आवृत्ती ज्या दिवशी बाहेर काढाल त्या दिवशी नवी साइट उघडू नका. दोन्हीकडे एकदम काही बिघडलं तर माणसं पुरत नाहीत. आणि चाचणीच्या साइटवर सर्च इंजिनांना दूर ठेवणारा नोइंडेक्स टॅग लावला असेल, तर खऱ्या साइटवरून तो काढल्याची दोघांनी खात्री करा.

प्रश्न : आमची वेबसाइट सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमवर आणि डेटाबेसवर चालते. ती लिहिणारा मुलगा आता प्रकल्पात नाही. नव्याने करताना तशीच ठेवावी की साध्या फाइलींची करावी?

उत्तर : साध्या फाइलींची करा. कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिट या प्रोग्रॅमची अधिकृत वेबसाइट कित्येक वर्षं रेल्सवर, म्हणजे तुमच्यासारखीच सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमवर, चालत होती. २०२४ मध्ये ती ह्यूगो या साधनाने आधीच तयार केलेल्या स्थिर पानांवर आली. एवढ्या मोठ्या वाचकवर्गाच्या साइटला ते पुरतं, तर तुम्हालाही पुरेल. ह्यूगो, जेकिल, स्फिंक्स यांतलं काय घ्यायचं याचा फार काथ्याकूट करू नका. तुमच्यापैकी किमान दोघांना जे येतं ते घ्या. मजकूर मार्कडाउन या साध्या लिखाणपद्धतीत, कोडसारखाच रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यात, ठेवा. म्हणजे शुद्धलेखनाची एक चूक सुधारायला आलेला माणूसही पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल स्वीकारण्याची विनंती, पाठवू शकेल. माझे कितीतरी जुने सहकारी अशाच एका चुकीच्या वेलांटीपासून प्रकल्पात आले.

प्रश्न : नव्या डिझाइनमध्ये डाउनलोड पानावरचे चेकसमचे, म्हणजे फाइल जशीच्या तशी आली का हे ताडायचे, लांबलचक आकडे काढून टाकावेत असं ठरतंय. ते कोणी पाहत नाही आणि पान विद्रूप दिसतं.

उत्तर : काढू नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमच्या वेबसाइटमध्ये घुसखोरी झाली आणि डाउनलोडची लिंक चोरवाट बसवलेल्या आयएसओकडे, म्हणजे सिस्टिम बसवायच्या फाइलीकडे, वळवली गेली. अशा वेळी हातातली फाइल खरी की खोटी हे ताडायला काहीतरी साधन लागतं. पण नुसता एसएचए-२५६ हा चेकसम त्याच पानावर असेल, तर पान बदलणारा तो आकडाही बदलू शकतो. म्हणून जीपीजी सही, म्हणजे फक्त तुमच्याकडच्या गुप्त किल्लीने होणारी डिजिटल सही, द्या, आणि त्या किल्लीची ओळख पटवणारा छोटा ठसा वेबसाइटखेरीज दुसऱ्या जागीही, रिपॉझिटरीत किंवा आवृत्तीच्या घोषणेत, छापा. दिसायला बरं नसेल तर घडी घालून ‘फाइल तपासा’ या मथळ्याखाली ठेवा. कसं तपासायचं ते तीन ओळींत, कॉपी करता येईल अशा आज्ञेसह लिहा.

प्रश्न : मी डिझायनर आहे, कोड येत नाही. एका प्रकल्पाला नवी वेबसाइट करून द्यावी असं फार वाटतं. घेतील का?

उत्तर : घेतील, पण होमपेज घेऊन जाऊ नका. त्यांच्या डॉक्युमेंटेशनमधलं सर्वांत गचाळ पान निवडा, जिथे सहा रकान्यांचं टेबल आहे, लांब आज्ञा आहेत, मध्येच इशाऱ्याची चौकट आहे. खोटा भरताड मजकूर न वापरता तोच खरा मजकूर घेऊन, ते पान मोबाइलवर आणि मोठ्या पडद्यावर कसं दिसेल ते काढा. पेनपॉट किंवा इंकस्केप या मुक्त साधनांत काढलंत तर पुढच्या स्वयंसेवकालाही मूळ फाइल उघडता येईल. फॉन्ट आणि चिन्हं मुक्त परवान्याची घ्या आणि परवान्याचं नाव सोबत लिहा. मग प्रकल्पाच्या पानावर एक इश्यू, म्हणजे अडचणीची नोंद, उघडा. काय अडतंय ते आधी लिहा आणि चित्र त्याखाली जोडा.

त्यांना आवडलं तर कोड दुसरं कोणी लिहील. तेव्हा एवढं जरूर मागा, की कमिटच्या, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या त्या बदलाच्या, संदेशात शेवटी ‘को-ऑथर्ड-बाय’ची, म्हणजे सहलेखकाची, ओळ घालून तुमचं नाव आणि ईमेल लिहावा. गिटचा इतिहास चाळणाऱ्याला मग ते पान तुम्हीही घडवलं आहे हे दिसेल. मागायला संकोचू नका. मी मेंटेनर असताना कोणी हे मागितलं, तर आनंदाने घालत असे. न मागणाऱ्यांची नावं मात्र घाईत राहून गेली, आणि त्यातली काही मला आजही आठवतात.