पाणमांजरांची घाण कोण काढणार?

तुमची मुलगी अकरावी विज्ञानला आहे. तुम्ही मला पाठवलेल्या पत्रात तिचे दहावीचे गुण आहेत, क्लासचं वेळापत्रक आहे, नातेवाईक काय म्हणतात तेही आहे. तिचं स्वतःचं म्हणावं असं एकच वाक्य सापडलं : प्राणिसंग्रहालयात पाणमांजरांची देखभाल करायची आहे. त्याला लागूनच तुमचा शेरा : ‘एवढं शिकवलं ते जनावरांची घाण काढायला का? निदान पशुवैद्य तरी हो म्हणावं. तुम्ही समजवा.’

तिला मी काही समजावणार नाही. काळजी मला तुमच्या त्या शेऱ्याची वाटते. तो ती रोज ऐकत असणार.

आधी त्या घाणीबद्दल. पाणमांजराने खाल्लेला मासा काही तासांतच बाहेर पडतो, म्हणून त्याला दिवसातून अनेकदा खाऊ घालावं लागतं. सकाळी कीपर, म्हणजे प्राण्यांची रोजची देखभाल करणारा, आत गेला की आधी विष्ठा बघतो. खवले-काटे नेहमीसारखे आहेत का, पातळ झाली आहे का, रक्त दिसतंय का? मग कोणी किती खाल्लं, किती टाकलं, याची वहीत नोंद. हा प्राणी आजार शेवटपर्यंत लपवतो, त्यामुळे पहिली चाहूल बहुतेकदा इथेच लागते.

‘पशुवैद्य झाली की पाणमांजरं मिळतीलच’ हा तुमचा तोडगाही गैरसमजावर उभा आहे. पशुवैद्य तपासणीला येतो, दुखणं आलं की येतो. रोजचा सहवास कीपरचा. पाणमांजराची दाट फर हवेचा थर धरून ठेवते, त्यावर त्याची ऊब टिकते. नुसतं मोठं तळं बांधून भागत नाही. अंग घासून सुकवायला पाण्यापेक्षा जास्त कोरडी जमीन लागते. बिछाना ओला राहिला तर फर बिघडते आणि न्यूमोनियापर्यंत जातं. काही जातींच्या माशांतलं विकर ब-1 जीवनसत्त्व नष्ट करतं, म्हणून असे मासे देताना ते वेगळं द्यावं लागतं, नाहीतर झटके येतात. शिवाय चावा जबर असतो. जाळीआडून पंजा दाखवणं, तोंड उघडणं, इंजेक्शनला स्थिर उभं राहणं हे सगळं कीपर मासळीच्या तुकड्यावर चिकाटीने शिकवतो. तेव्हा कुठे डॉक्टरला काम करता येतं.

तिला आजारांत रस असेल तर ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा देऊन पशुवैद्यक. वागणुकीत असेल तर प्राणिशास्त्र आणि पुढे वन्यजीवशास्त्र.

आता दोन शब्द तिच्यासाठी. बाथटबमध्ये लोळणाऱ्या पाणमांजराचे व्हिडिओ म्हणजे देखभाल नव्हे. घरी पाळण्याच्या हौसेपायी पिल्लांची तस्करी होते. 2019 मध्ये लहान नख्यांच्या आशियाई पाणमांजराला साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, सर्वात कडक बंदीच्या पहिल्या परिशिष्टात टाकावं लागलं, त्यामागे हेही कारण होतं. कीपरच्या नोकरीच्या जागा मोजक्या असतात, आणि फक्त पाणमांजरांसाठी तुला कोणी घेणार नाही. आधी हरणं येतील वाट्याला, कदाचित सापही.

सुट्टीत तिला एखाद्या प्राणी-निवाऱ्यात पाठवा. पिंजरे धुऊ द्या, खाणं तोलून द्यायला लावा. नंतर मला पत्र तिनेच लिहावं. तुम्ही ते तपासायला घेऊ नका.