रोबो-एथिक्सच्या संशोधनाचा प्रत्यक्षात काही उपयोग आहे का? मेकॅट्रॉनिक्सनंतर त्यात एमएस करावं का?

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही लिहिलंय, "बुद्धिमान रोबोला नैतिक निर्णय कसे शिकवायचे हा या शतकातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे असं सगळे म्हणतात." सगळ्यांचं मला माहीत नाही, पण आमच्या घरात एक जण नक्की म्हणतात. माझे धाकटे दीर. नेदरलँड्सला याच विषयात पीएचडी करतायत. त्यामुळे हे उत्तर अर्धं तुम्हाला आणि अर्धं त्यांना आहे, आधीच सांगून टाकते.

मी चाकण पट्ट्यात एका सुट्या भागांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. वेल्ड शॉपमध्ये दोन रोबोंचा एक सेल होता. चारी बाजूंनी जाळी, एक गेट, गेटला इंटरलॉक. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: गेटच्या पल्ल्यावर एक लोखंडी जीभ असते. गेट लावलं की ती चौकटीवरच्या स्विचमध्ये शिरते आणि रोबोला कळतं की आत कुणी जाऊ शकत नाही. गेट उघडलं की जीभ बाहेर, रोबो जागच्या जागी थांबतो. आता हीच जीभ स्पेअर म्हणून सुटी मिळते. ती स्विचमध्ये खोचून ठेवली की गेट सताड उघडं असलं तरी रोबोच्या लेखी बंदच. आमच्याकडे तिला 'चावी' म्हणायचे. तिला सुतळी बांधलेली होती आणि ती सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये राहायची. तिन्ही शिफ्टना ठाऊक.

चावी का लागायची? पार्ट धरून ठेवणाऱ्या फिक्श्चरवरच्या सेन्सरवर वेल्डचा स्पॅटर, म्हणजे उडालेले धातूचे थेंब, बसायचा. पार्ट जागेवर आहे हे सेन्सरला दिसेनासं झालं की रोबो नुसता उभा. नियमाने जायचं तर गेट उघडा, आत जाऊन सेन्सर पुसा, बाहेर या, गेट लावा, रीसेट मारा, रोबो मॅन्युअलवर होमला, म्हणजे मूळ जागी, न्या, मग सायकल सुरू. तोवर बोर्डवरचा तासाचा आकडा लाल झालेला आणि सुपरवायझरचा फोन वाजायला लागलेला. चावी खोचून आत शिरून फडकं मारलं की अर्ध्या मिनिटात काम. सेन्सरला आडोसा करा, नाहीतर त्याची जागा तरी बदला, अशी मेंटेनन्सची मागणी होती. ती परचेसकडे पडून होती.

एका रात्रपाळीला आयटीआयचा शिकाऊ मुलगा आत गेला. रोबो उभा होता म्हणजे बंद होता, असा त्याचा समज. खरं तर रोबो एका सिग्नलची वाट बघत होता. मुलाने हातमोज्यानेच सेन्सर पुसला, सिग्नल आला आणि वेल्ड गनसकट रोबोचा हात खाली आला. मुलगा वाचला. खांदा मात्र असा मोडला की त्याचा तो हात आजही डोक्याच्या वर जात नाही.

चौकशी अहवालाचा मसुदा माझ्यापुढे सहीला आला. मूळ कारण: 'सदर उमेदवाराने सुरक्षा साधनाकडे जाणूनबुजून दुर्लक्ष केले.' हे वाक्य दिसतं तेवढं साधं नाही. तेव्हा शिकाऊ उमेदवाराची भरपाई अप्रेंटिस कायद्याच्या कलम १६ मधून १९२३च्या भरपाई कायद्याकडे जायची. त्या कायद्यात एक सूट होती: कामगाराने सुरक्षा साधन मुद्दाम काढलं किंवा मुद्दाम धुडकावलं आणि त्यातून इजा झाली, तर मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व सोडून बाकी इजेची भरपाई मालकावर बंधनकारक नव्हती. मसुदा लिहिणाऱ्याला हे कलम ठाऊक होतं की नाही, देव जाणे. मला होतं.

मी चावी सुतळीसकट मीटिंगच्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, ही स्टोअरमधून कुणाच्या सहीने बाहेर आली? सगळे पाण्याचे ग्लास बघायला लागले. शेवटी प्लांट हेड म्हणाले, "मॅडम, सगळं ठीक आहे, पण पोराने आत जायलाच नको होतं ना?" मी सही केली नाही. बरीच ओढाताण झाली आणि मूळ कारणाच्या रकान्यात 'प्रशिक्षणाचा अभाव' आलं. म्हणजे ना मुलगा दोषी, ना सुपरवायझर, ना परचेस. मुलाला भरपाई मिळाली. गेटला कोडेड स्विच बसला, त्यात सुटी जीभ चालत नाही. आणि सेन्सरला जो आडोसा हवा होता तो आमच्याच टूलरूमने पत्र्याचा तुकडा वाकवून करून दिला. एवढंच होतं ते.

आता भाऊजी. दिवाळीला आले होते, फराळ चालला होता, विषय निघाला. त्यांनी लॅपटॉपवर तो प्रसिद्ध प्रयोग दाखवला, मॉरल मशीन. एमआयटीच्या लोकांनी जगभरातून ऑनलाइन मतं घेतली: बिनचालक गाडीचे ब्रेक निकामी झाले तर तिने म्हाताऱ्याला उडवावं की लहान मुलाला, एकाला की पाच जणांना. सुमारे ४ कोटी निर्णय गोळा झाले, २०१८ मध्ये 'नेचर'मध्ये निबंध आला. मी त्यांना आमच्या मुलाची गोष्ट सांगितली. ते चकली मोडत म्हणाले, "वहिनी, तुमचं ते इंडस्ट्रियल सेफ्टी झालं. एथिक्सचा प्रश्न जिथे यंत्र स्वतः निर्णय घेतं तिथे येतो."

तेव्हा पाहुणे होते, मी गप्प बसले. आता बोलते.

यंत्राने स्वतः निर्णय घेतल्याचं उदाहरण घेऊ. १८ मार्च २०१८, ॲरिझोनातलं टेम्पी शहर, रात्रीची वेळ. उबरची चाचणीतली स्वयंचलित गाडी, आणि सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एलेन हर्झबर्ग. त्या जागीच गेल्या नाहीत, पण वाचल्याही नाहीत. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचा, एनटीएसबीचा, अहवाल कुणालाही वाचता येतो. गाडीला त्या ५.६ सेकंद आधी दिसल्या होत्या. पण गाडी त्यांना कधी वाहन समजली, कधी सायकल, कधी 'इतर', आणि प्रत्येक वेळी नाव बदललं की आधीच्या हालचालीची नोंद टाकून द्यायची, त्यामुळे त्या कुठे चालल्यात याचा तिला अंदाजच येईना. झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस रस्ता ओलांडेल हे तिच्या रचनेत धरलेलंच नव्हतं. (पुण्यात ही गाडी लक्ष्मी रस्त्यावर घातली असती तर काय झालं असतं याचा विचारच नको.)

आता नीट वाचा. गाडीच्या मूळ कंपनीचा स्वतःचा आपोआप ब्रेक लावणारा बंदोबस्त होता. संगणक गाडी चालवत असताना तो बंद केलेला असायचा. शिवाय धोका ओळखल्यावरही एक सेकंदभर जोराचा ब्रेक लावायचा नाही अशी सोय केली होती, का तर खोट्या इशाऱ्यांनी गाडी उगाच अडखळू नये. आधी गाडीत देखरेखीला दोन माणसं बसायची, काही महिन्यांपूर्वी ती एकावर आणली होती.

भाऊजी, ही चावीच आहे. सुतळीऐवजी सॉफ्टवेअरला बांधलेली.

शेवटी काय झालं? एनटीएसबीने उबरच्या सुरक्षा संस्कृतीवर कडक ताशेरे ओढले, हे खरं. पण संभाव्य कारण म्हणून पहिलं नाव आलं ते गाडीत बसलेल्या बाईंचं, फोनवर कार्यक्रम बघत होत्या म्हणून. कंपनीवर फौजदारी करण्याला आधार नाही असं सरकारी वकिलांनी २०१९ मध्येच सांगून टाकलं. बाईंनी २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला, तीन वर्षांची प्रोबेशन झाली. त्यांची चूक होतीच. आमच्या मुलाची पण होती. प्रश्न असा की बाकीच्यांची कुठे गेली?

यावर मॅडलिन क्लेअर एलिश नावाच्या संशोधक बाईंचं काम आहे, तुम्ही एमएस करा नाहीतर करू नका, ते वाचाच. त्या म्हणतात, गाडीचा पुढचा भाग आतल्या माणसाला वाचवण्यासाठी मुद्दाम चेपणारा बनवतात. स्वयंचलित यंत्रणांमध्ये उलट होतं. तिथे यंत्रणेला वाचवण्यासाठी माणूस चेपला जातो, ज्याच्या हातात नियंत्रण जवळजवळ नव्हतंच असा माणूस. हे वाचलं तेव्हा मला आमचा मसुदा आठवला, शब्दन् शब्द.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: उपयोग आहे, पण या विषयातल्या सगळ्याच कामाचा नाही. ट्रॉलीच्या कोड्यांवर, म्हणजे एकाला मारावं की पाच जणांना असल्या प्रश्नांवर, आयुष्य घालवू नका. स्वयंचलित गाड्यांसाठी नेमलेल्या जर्मनीच्या नैतिकता आयोगाने २०१७ मध्येच सांगितलं की अटळ अपघातात वय, लिंग वगैरे बघून माणसामाणसांत निवड करायला बंदी. विषय संपला. त्याच वर्षी युरोपियन संसदेने रोबोंना 'इलेक्ट्रॉनिक व्यक्ती'चा दर्जा देण्याचा विचार व्हावा असा ठराव केला, आणि पुढच्या वर्षी दीडशेहून जास्त तज्ज्ञांनी त्याविरुद्ध जाहीर पत्र लिहिलं. बरं केलं. रोबोच व्यक्ती झाला की मूळ कारणाच्या रकान्यात त्याचंच नाव टाकून सगळे घरी जायला मोकळे. सौदीने सोफिया नावाच्या रोबो-बाहुलीला नागरिकत्व दिलं त्याबद्दल मी काही बोलत नाही.

करण्यासारखं काम सांगते. ब्रिस्टलचे ॲलन विनफिल्ड आणि ऑक्सफर्डच्या मरीना जिरोत्का यांनी २०१७ मध्ये मांडलं की विमानात असतो तसा ब्लॅक बॉक्स प्रत्येक रोबोत हवा: कोणता सिग्नल आला, काय ठरवलं, का ठरवलं याची नोंद. आमच्या सेलमध्ये तो असता तर चावी किती वेळा लागली हे कुणाच्या तोंडाकडे न बघता निघालं असतं. दुसरं, जाळीशिवाय माणसाशेजारी काम करणारे कोबॉट. ते माणसाला धडकले तर किती जोर चालेल याचे आकडे आयएसओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या, २०१६च्या एका दस्तऐवजात आले. शरीराच्या २९ जागा, कुठे किती दाब दिला की दुखायला लागतं. ते मोजले कुणावर? जर्मनीत माइन्झ विद्यापीठात, १०० निरोगी प्रौढांवर. आपल्याकडचा पन्नास किलोचा, रात्रपाळीत उभा असलेला शिकाऊ पोरगा त्यात कुठे बसतो? हा माझ्या मते पक्का एथिक्सचा प्रश्न आहे आणि एमएसचा चांगला विषय.

तिसरं आपल्या देशातलं. केरळच्या मुलांनी मॅनहोल साफ करणारा बँडिकूट बनवला, २०१८ मध्ये तिरुअनंतपुरममध्ये वापरात आला. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे, तरी माणसं उतरतात आणि मरतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. रोबो आणावा का, हा नैतिक प्रश्न सगळे विचारतात. इथे तो न आणण्याचा आहे. शिवाय रोबो आला की ज्याची पिढ्यान् पिढ्या ती नोकरी होती त्यालाच ऑपरेटर करायचं की पदविकावाल्या दुसऱ्याला घ्यायचं? बनवणाऱ्यांनी सफाई कामगारांनाच चालवायला शिकवलं, याचं मला कौतुक वाटतं. भाऊजींच्या स्लाइडमध्ये हे नव्हतं.

एमएस आधी किमान वर्षभर शॉपफ्लोअरवर काढा. मुलाखतीत पगाराच्या आधी विचारा की शेवटचा अपघात कधी झाला आणि अहवाल बघायला मिळेल का. चेहरे बघा, कळेल. नंतर विद्यापीठ निवडताना तिथला प्राध्यापक कधी कारखान्यात, हॉस्पिटलात किंवा अपघाताच्या चौकशीत बसलाय का ते तपासा. फक्त तत्त्वज्ञान विभाग असेल तर सावध राहा.

थोडं मागे येते, कारण खाली कॉमेंटमध्ये कुणीतरी म्हणणारच. तत्त्वज्ञानवाले निरुपयोगी नाहीत. माणसाच्या हुकमाशिवाय मारणाऱ्या शस्त्रांचा प्रश्न कारखान्यातल्या जाळीने सुटत नाही. तिथे २०१३ पासून मोहीम चालवणारी माणसं आणि नोएल शार्कीसारखे प्राध्यापक नसते तर विषय संयुक्त राष्ट्रांच्या टेबलावर आलाच नसता. म्हाताऱ्यांना सोबत करणाऱ्या रोबोंचंही तसंच. तिथे इजा खांद्याला होत नाही, त्यामुळे माझ्या पद्धतीचा अहवाल अपुरा पडेल. आणि भारतात या नावाने नोकऱ्या अजून फारशा निघत नाहीत. सेफ्टी, टेस्टिंग, कंप्लायन्स अशा पाट्यांखाली शोधावं लागेल. कर्ज काढून जाणार असाल तर हे आधी लक्षात घ्या.

भाऊजी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे, ह्यांनी लिंक पाठवलीच असेल. तुमच्या थिसिसच्या प्रस्तावनेत 'निर्णय घेणारे यंत्र' असं जिथे जिथे आहे तिथे एकदा 'थ्रेशोल्ड, म्हणजे यंत्राने कधी हलायचं ती मर्यादा, कुणी ठरवला' हे विचारून बघा. आणि टेम्पीचा अहवाल पूर्ण वाचा, नुसता सारांश नको. फराळ मी पाठवतेच आहे.