दुसरी चावी करायची की नाही?

प्रश्न : आमची २०१९ची, बटणावर सुरू होणारी पेट्रोल गाडी आहे. जूनमध्ये कराडला एका लग्नात दोनपैकी एक स्मार्ट चावी हरवली. शोरूम नव्या चावीचे १३,८०० रुपये सांगतंय, एसटी स्टँडजवळचा चावीवाला ५,५०० रुपयांत करून देतो म्हणतो. उरलेलीही हरवली तर दोन चाव्या आणि प्रोग्रॅमिंग मिळून ३२,००० होतील, असं शोरूमने सांगितलं. मिस्टर रोज साताऱ्याहून शिरवळ एमआयडीसीत गाडी नेतात. ते म्हणतात, एकीवर चाललंय ना, मग कशाला? दीड वर्षात गाडी विकायचीच आहे. सेकंडहँडवाला मात्र म्हणाला, दुसरी चावी नसेल तर आठ हजार कापीन. विमा पुढच्या महिन्यात संपतोय. एजंट सुचवतोय की ४५० रुपयांचं चावीचं ॲड-ऑन, म्हणजे पॉलिसीला जोडायचं जादा कव्हर, घ्या, मग महिन्याभराने ‘हरवली’ म्हणून क्लेम टाकू. टाकावा का? की एक लाखाची एफडी मोडून शोरूमचीच चावी घेऊ? – एक शिक्षिका, सातारा

उत्तर : ताई, आधी एजंटचं बघू, ते एका शब्दात संपतं. नको. चावी गेली जूनमध्ये, नवी पॉलिसी सुरू होणार पुढच्या महिन्यात. होऊन गेलेल्या नुकसानीचा विमा नसतो. क्लेम फॉर्मवर हरवल्याची तारीख घालावी लागते आणि त्याखाली सही तुमची असते, एजंटची नाही. तुमच्या हातातलं कोटेशनच जूनचं आहे. आठवीच्या वर्गातही पकडली जाईल अशी ही थाप आहे.

पॉलिसीची प्रत जोडलीत ते बरं केलंत. कधीकधी हे कव्हर पॅकेजमध्ये आधीच असतं आणि मालकाला पत्ता नसतो. तुमच्या पॉलिसीत झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) आणि रोडसाइड असिस्टन्स (रस्त्यात गाडी अडली तर मदत) आहे, चावीचं काही नाही. मूळ ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, हरवलेली चावी धरत नाहीत. तेव्हा हा खर्च तुमच्याच खिशातून जाणार.

आता मिस्टरांचं म्हणणं. ते मी हसण्यावारी नेणार नाही, कारण अर्धा हिशेब त्यांच्या बाजूने आहे. १३,८०० आज घालवायचे कशासाठी, तर उद्याचे ३२,००० वाचावेत म्हणून. मग पुढच्या दीड वर्षात उरलेली चावी हरवण्याची शक्यता शंभरात त्रेचाळीसच्या वर असेल, तरच हे पैसे वसूल होतात. तुमच्या घरात सहा वर्षांत एक चावी हरवली. ढोबळच धरायचं तर दीड वर्षाला शंभरात पंचवीस. इथवर मिस्टर बरोबर.

पण त्यांनी सेकंडहँडवाल्याचे आठ हजार धरलेच नाहीत. चावी केली नाही तर ते विकताना जाणारच आहेत. म्हणजे शोरूमची चावी खऱ्या अर्थाने ५,८०० ना पडते, आणि मग शंभरात अठराची शक्यताही पुरते. तुमची पंचवीस. इथे पारडं फिरलं. शिवाय चावी शिरवळला हरवली तर गाडी खंबाटकी घाटातून टो करून साताऱ्यात आणायची. रोडसाइडवाले ठरावीक किलोमीटरपर्यंतच फुकट नेतात, पुढचं मीटर तुमचं. त्या दिवसाची रजा वेगळी.

चावी करायची, हे ठरलं. कोणाकडून? तुम्हाला वाटत असेल मी शोरूमच म्हणेन. आकडे मांडून बघा. चावीवाल्याकडून केली आणि सेकंडहँडवाल्याने ‘ही कंपनीची नाही’ म्हणत सगळे आठ हजार कापले, तरी एकूण १३,५०० होतात. तीही शोरूमपेक्षा तीनशेने स्वस्तच. अर्धे कापले तर ९,५००. तेव्हा पैशाच्या बाजूने चावीवाला पुढे आहे. शोरूमला जायचंच तर ते कागदासाठी आणि खात्रीसाठी.

चावीवाला म्हटलं की लोकांना रस्त्याकडेला कानस घासणारा माणूस आठवतो. ही चावी तशी होत नाही. गाडीच्या हँडलला हात लावला की गाडी १२५ किलोहर्ट्‌झवर एक हलकी हाक देते, आणि ती हाक पोचण्याइतकी जवळ असलेली चावी स्वतःचा कोड सांगते. तो कोड गाडीच्या यादीत असेल तरच दार उघडतं नि इंजिन सुरू होतं. चावी बनवणं म्हणजे मुख्यतः त्या यादीत नवं नाव घालणं. त्यासाठी स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायच्या जोडणीला, मशीन जोडतात. हे काम चांगला चावीवालाही करतो. तुमच्या गाडीची वॉरंटी कधीच संपली आहे, त्यामुळे ‘बाहेर हात लावला’ ही धास्तीही नको.

आता मला खरं जे सांगायचं आहे ते. कराडला हरवलेल्या चावीचं नाव त्या यादीत अजून आहे. ती ज्याला सापडली, त्याच्यासाठी तुमची गाडी आजही तयार आहे. किचेनवर गाडीचा नंबर लिहिला होता का? पुष्कळ जण हौसेने लिहितात. लिहिला असेल तर हे पत्र वाचून झाल्यावर लगेच निघा. नवी चावी नोंदवताना जुनीचं नाव काढून टाकता येतं. बऱ्याच गाड्यांत नोंदणी नव्याने होते आणि जी चावी समोर नाही ती आपोआप गळते. मिस्टरांची चावी बरोबर न्यायला विसरू नका, नाहीतर तीच गळायची. आणि स्मार्ट चावीच्या पोटात एक छोटं पोलादी पातं असतं. नाव काढलं तरी त्या पात्याने दार उघडतं. इंजिन सुरू होणार नाही, पण डॅशबोर्डच्या कप्प्यात पर्स ठेवू नका.

हे इतकं ताणून सांगायला कारण आहे. गाडी चोरीला गेली की विमा कंपनी एफआयआर आणि आरसीबरोबर दोन्ही चाव्या मागते. एक नसेल तर पहिला संशय मालकावर, की चावी गाडीतच ठेवली होती का? अशा कारणांनी अडलेले क्लेम ग्राहक आयोगापर्यंत गेले आहेत. ग्राहक जिंकलेलेही आहेत, पण तारखा मोजत. तुमच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, ४,६०,००० आहे. चर्चा आपण साडेपाच हजारांची करतोय आणि टांगणीला लागलेत साडेचार लाख.

त्यावरचा उपाय जवळजवळ फुकट आहे. पोलिसांकडे वस्तू हरवल्याची नोंद करा, तारीख खरी घाला, जूनचीच. त्या नोंदीची प्रत जोडून विमा कंपनीला ईमेल करा की एक चावी हरवली आहे. एजंटच्या व्हॉट्सॲपवर टाकलं म्हणजे कंपनीला कळवलं असं होत नाही. नवी चावी झाली की तिचं बिल पाठवा.

म्हणून चावीवाल्याला आधी विचारा : पक्कं बिल देणार का, त्यावर गाडीचा नंबर आणि ‘जुनी चावी रद्द केली’ असं लिहिणार का, आणि नव्या चावीने हँडल, डिकी, स्टार्ट बटण सगळं चालवून दाखवणार का? तिन्हीला हो म्हणाला तर ५,५०० त्याला द्या. बिलावरून का-कू करायला लागला तर मुकाट शोरूम गाठा, वरचे ८,३०० कागदाचे समजा.

एफडी मोडू नका. मुदतीआधी मोडली की व्याजाचा दर खाली येतो, वर बहुतेक बँका दंड कापतात. साडेपाच हजार या महिन्याच्या पगारातून निघतील. दोन पगारांच्या घरात तेवढे मोकळे नसतील तर मला चावीपेक्षा त्याची काळजी जास्त वाटते. बचत आहे, पण सगळी कुलपात. गाडीच्या नावाने महिना दीड हजाराची आरडी लावा. विमा, टायर, सर्व्हिसिंग त्यातून भागेल.

आणि हो, ४५० रुपयांचं ते ॲड-ऑन घ्या, फक्त नवी चावी हातात आल्यावर आणि पुढच्या हरवण्यासाठी. वर्षाला साडेचारशेत तेरा हजारांची जोखीम जाते. तुमच्या घराची सवय बघता सौदा बरा आहे. घेण्याआधी वर्षात किती क्लेम चालतात, रकमेची मर्यादा किती, आणि सात वर्षांच्या गाडीला पुढच्या वर्षीही देणार का, एवढं लेखी विचारून घ्या.

उरलेल्या चावीची बॅटरी बदलली आहे का कधी? बहुतेकदा सीआर२०३२ नावाचा बटण सेल असतो, साध्या घड्याळवाल्याकडेही मिळतो. माझी चावी एकदा कुर्त्याच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये फिरून आली. वाळवून नवा सेल घातला, चालली. मी मात्र तोवर शोरूमला फोन करून बसलो होतो.

तसंच, कराडच्या त्या मंगल कार्यालयात फोन करून विचारलंत का? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही.